गाडी मागे घेताना

आमच्या शेजारच्या भाऊंकडे जुनी टाटा सुमो आहे. मागे छोटा ट्रेलर जोडून ते मंडपाचे सामान नेतात. रात्री गल्लीत गाडी मागे घेताना मूळचे दिवे अपुरे पडतात, आणि गल्लीत लेकरे खेळत असतात. म्हणून आम्ही दोन जादा दिवे लावायचे ठरवले.

मेकॅनिक म्हणाला, "रिव्हर्सच्या वायरीलाच जोडून टाकू." मी कारकून माणूस, आधी हिशेब मांडला. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन मिळून नऊ. बारीक वायर एवढ्या भाराने तापते. म्हणून त्या वायरीने फक्त रिले चालवावा. दिव्यांना करंट थेट बॅटरीवरून, जाड वायरीने, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून द्यावा. फ्यूज बॅटरीजवळच हवा.

ट्रेलरला वेगळा फ्यूज व अर्थिंगची स्वतंत्र वायर द्यावी. गंजलेल्या हुकावर भरवसा ठेवला, तर ट्रेलरचे दिवे केव्हाही मालवतात आणि मागून येणाऱ्याला तो दिसतच नाही.

बंधुभगिनींनो, रिले-फ्यूजचा खर्च थोडाच आहे. गल्लीतले लेकरू कुणाचेही असो, ते आपलेच आहे.