शस्त्राची निगा, मनाची निगा

शाळेच्या स्मरणिकेत रिव्हॉल्व्हरवरचा लेख पाहून वाचकांना नवल वाटेल, आणि ते स्वाभाविकच आहे. ज्या प्रांगणात दिवसाचा आरंभ त्रिशरण-पंचशीलाने होतो, ज्या वसतिगृहात भिंतीवरची पालही मारू नये, बाहेर सोडून यावे, असे आम्हाला शिकविले गेले, त्याच वास्तूत वाढलेले आम्ही दोघे पती-पत्नी आज अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो आणि महिन्यातून एका रविवारी रिव्हॉल्व्हर घेऊन नेमबाजीच्या स्पर्धेत उतरतो. गेल्या खेपेस आम्ही शाळेत आलो असता नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “तुम्ही शील घेता आणि बंदूकही चालविता, हे कसे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगे नव्हते. संपादक मंडळाने लेख मागविला, तेव्हा याच विषयावर लिहावे असे आम्ही ठरविले.

प्रथम खेळाविषयी. महाराष्ट्राला नेमबाजी अपरिचित नाही. अंजली भागवत यांचे नाव घरोघरी पोहोचले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ही नेमबाजी रायफलची आहे. तीत नेमबाज आपल्या जागी स्थिर असतो, लक्ष्याचे अंतर ठरलेले असते. आम्ही खेळतो तो प्रकार ‘प्रॅक्टिकल नेमबाजी’ म्हणून ओळखला जातो. १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कोलंबिया या गावी, त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. या खेळात स्पर्धक धावतो, वळतो, आडोशामागून वाकून पाहतो आणि निरनिराळ्या अंतरांवरील पुठ्ठ्याची व पोलादाची लक्ष्ये टिपतो. प्रत्येक डावाची रचना निराळी असते.

संघटनेचे बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचे आहे: दिलिजेंशिया, विस, सेलेरितास. खेळाडू त्यांचा अर्थ अचूकता, शक्ती आणि वेग असा करतात. तथापि पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ काळजी, दक्षता असा आहे. आम्हाला हा मूळ अर्थ अधिक मोलाचा वाटतो, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याच एका शब्दाचे विवरण आहे.

गुण मोजण्याची पद्धत साधी, पण मार्मिक आहे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. समजा, आठ लक्ष्यांवर प्रत्येकी दोन गोळ्या झाडावयाच्या आहेत. प्रत्येक गोळी मधल्या भागात लागली तर ५ गुण, म्हणजे एकूण ८०. एकाने ८० पैकी ८० गुण १६ सेकंदांत मिळविले, तर त्याचा भागाकार ५ येतो. दुसऱ्याने ७२ गुण १२ सेकंदांत मिळविले, तर ६ येतो, आणि तो पुढे जातो. येथवर वाटेल की हा निव्वळ घाईचा खेळ आहे. परंतु नेम पुरता चुकला तर त्या गोळीचे गुण जातातच, शिवाय १० गुणांचा दंड बसतो. घाई आणि वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या भागाकाराइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी शिकविले असेल.

या खेळात बहुतेक स्पर्धक पिस्तूल वापरतात. त्याच्या मॅगझिनमध्ये पंधरा-वीस काडतुसे मावतात. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेला फिरता भाग, सहा किंवा आठ घरांचा असतो. आमच्या रिव्हॉल्व्हरला आठ घरे आहेत. आठ गोळ्या झाल्या की रिकामी नळकांडी काढून पुन्हा भरणे आलेच. त्यामुळे डाव सुरू होण्यापूर्वी कुठे किती गोळ्या लागतील, कोणत्या दोन पावलांच्या दरम्यान भरता येईल, हे सगळे मनात बसवावे लागते. एक गोळी वाया गेली की पुढचे सारे गणित कोलमडते. म्हणूनच रिव्हॉल्व्हरच्या विभागात फारसे कोणी उतरत नाही. आमच्या क्लबात बहुधा आम्ही दोघेच असतो. एक पहिला येतो, दुसरा शेवटचा, आणि घरी परतताना दोघेही पदकाच्या गोष्टी करतात.

या हत्याराची मर्यादा अभ्यासाने किती ओलांडता येते, याचे उदाहरण जेरी मिक्युलेक यांनी घालून दिले. १९९९ साली त्यांनी सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या झाडल्या, ते पुन्हा भरले आणि आणखी सहा झाडल्या. या सगळ्याला २.९९ सेकंद लागले. आमच्यासारख्या सामान्य खेळाडूंना तेवढ्या वेळात नुसते भरून झाले तरी समाधान वाटते.

एवढ्या त्वरेने भरणे शक्य होते ते ‘मून क्लिप’ या लहानशा वस्तूमुळे. ही चांदणीच्या आकाराची, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पोलादी चकती. तिच्या खाचांत काडतुसांचे बूड अडकविले की आठही एकदम सिलिंडरमध्ये उतरतात आणि एकदमच बाहेर येतात. तिचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. पिस्तुलासाठी बनविलेली बिनकडांची काडतुसे रिव्हॉल्व्हरमध्ये वापरण्याची वेळ आली, तेव्हा तीन-तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकृती चकत्या निघाल्या. पुढे त्यांची पूर्ण चकती झाली.

हीच चकती किंचित वाकली तर सारा डाव बिघडतो. वाकलेल्या चकतीमुळे काडतुसे मागे घासतात, सिलिंडर जड फिरतो किंवा अडतो, चाप ओढता ओढता बोट थबकते. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री आम्ही प्रत्येक भरलेली चकती तपासतो. सिलिंडरच्याच मापाची आठ भोके असलेल्या ठोकळ्यात ती टाकावयाची. आपल्या वजनाने अलगद बसली तर ठीक, अडखळली तर बाजूला. वाकलेली चकती हातोडीने सरळ करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

आता खुद्द रिव्हॉल्व्हरच्या निगेविषयी. स्पर्धेहून परतल्यावर प्रथम ते रिकामे असल्याची खात्री दोघांनीही, स्वतंत्रपणे, करावयाची असा आमच्या घरचा नियम आहे. डोळ्यांनी पाहावयाचे आणि प्रत्येक घराला बोट लावून चाचपावयाचे. काडतुसे त्या खोलीत आणावयाची नाहीत. मग टेबलावर जुना टॉवेल अंथरला जातो.

सर्वात आधी काम येते ते दात घासण्याच्या जुन्या ब्रशाचे. रिकामी नळकांडी बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचतात. मोहरीहून बारीक असा एक कण तेथे राहिला तरी सिलिंडर नीट मिटत नाही. यासाठीच नळकांडी काढताना नळीचे तोंड आकाशाकडे करावे लागते, म्हणजे कण खाली न साचता नळकांड्यांबरोबर बाहेर पडतात. त्यानंतर घरे, नळी आणि नळीचे सिलिंडरकडील तोंड घासून काढावयाचे. तेथे शिशाचा थर चढतो. हे शिसे पोटात जाऊ नये म्हणून त्या टेबलावर चहाचा कपसुद्धा ठेवत नाही, आणि काम संपल्यावर थंड पाण्याने, साबण लावून हात धुतो.

पुढे तपासणी. गोळ्यांच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात. बाजूच्या झाकणाचे स्क्रू पाहावयाचे. नळकांडी ढकलणारा दांडा पाहावयाचा. आमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याला उलटे आटे आहेत, हे न जाणणारा माणूस आवळायला जाऊन तो सैल करून ठेवतो. सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट फीलर गेजने मोजावयाची. ती साधारण ०.१५ मिलिमीटर असावी. झाडताना या फटीतून तप्त वायू बाजूला उसळतो, म्हणून बोटे कधीही सिलिंडरच्या पुढे जाऊ द्यावयाची नाहीत. शेवटी चाप अगदी सावकाश ओढून, आठही घरांसाठी, घोडा पडण्यापूर्वी सिलिंडर जागच्या जागी अडकतो की नाही हे कानांनी ऐकावयाचे.

चाप हलका करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. रिव्हॉल्व्हरचा चाप एकाच ओढीत सिलिंडर फिरवितो, घोडा उचलतो आणि सोडतो. कारखान्यातून येताना त्याला सुमारे ५ किलो जोर लागतो. स्पर्धक स्प्रिंग बदलून तो ३ किलोच्या आसपास आणतात. पण स्प्रिंग हलकी झाली की घोड्याचा ठोकाही हलका होतो आणि प्राइमर पेटत नाही. मग मऊ प्राइमर शोधावे लागतात, ते काडतुसात पुरते खोल बसले आहेत का, हे बोटाने पाहावे लागते. एका बाजूने सोय घेतली की दुसऱ्या बाजूने दक्षता वाढवावी लागते, असा हा हिशेब आहे. चित्रपटातील नायक मनगटाच्या झटक्याने सिलिंडर मिटतो, तेव्हा आम्हा दोघांच्याही तोंडून नकळत ‘अरेरे’ निघते. त्या झटक्याने सिलिंडरला धरणारा हात वाकतो.

मैदानावरची शिस्त याहून कडक असते. तेथे सर्व शस्त्रे रिकामी आणावयाची; रेंज अधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून भरावयाची नाहीत. शस्त्र हाताळण्यासाठी राखलेल्या कोपऱ्यात काडतुसाला स्पर्शही चालत नाही. नळीचे तोंड ठरलेल्या रेषेच्या मागे वळले, किंवा शस्त्र हातातून पडले, की स्पर्धक त्या स्पर्धेतून बाद. तो नवखा असो वा विजेता, नियम एकच. आम्ही अनुभवी खेळाडूंना अशा वेळी वाद न घालता सामान आवरताना, आणि मग थांबून इतरांची लक्ष्ये चिकटवू लागताना पाहिले आहे. खिलाडूवृत्ती म्हणजे काय, हे त्या दृश्यात आम्हाला उमगले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. हा खेळ स्वसंरक्षणाच्या सरावातून जन्माला आला, आणि आमच्या पुठ्ठ्याच्या लक्ष्याच्या आकारात माणसाच्या डोक्याखांद्यांचा भास आहे, हे आम्ही झाकून ठेवत नाही. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मरण पावली; त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. म्हणजे घरातील शस्त्राचा पहिला धोका बहुधा घरातल्याच माणसाला असतो. ही गोष्ट जाणून घेतल्यावाचून हा छंद करणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाची नोकरी गेली. कंपनीने एका सकाळी शंभरएक जणांना एकदम घरी पाठविले. तो हिवाळा लांबला. झोप उडाली, बोलणे कमी झाले, जेवणाचे ताट अर्धे राहू लागले. एके रात्री दुसऱ्याने शस्त्रांच्या तिजोरीचा क्रमांक बदलला आणि तसे स्पष्टपणे सांगितले. “तुझ्यावर अविश्वास नाही, ही निगा आहे,” एवढेच शब्द होते. ज्याला ते सांगितले गेले त्याला राग आला नाही, उलट पुष्कळ दिवसांनी मोकळे रडू आले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुढचे सहा महिने आम्ही एकाही स्पर्धेला गेलो नाही. उपचार झाले, नवी नोकरी लागली, आणि तिजोरी पुन्हा उघडली ती डॉक्टरांशी बोलून, दोघांच्या संमतीने. आमच्यातील ती व्यक्ती कोण, हे येथे सांगण्याची गरज नाही. ती दोघांपैकी कोणीही असू शकली असती. तेव्हापासून स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत आम्ही एक गोष्ट वाढविली आहे. चकत्या, स्क्रू, फट हे सारे पाहून झाले की एकमेकांना विचारतो, “मन कसे आहे?” उत्तर समाधानकारक नसेल तर त्या रविवारी आम्ही डोंगरात फिरायला जातो.

शस्त्रांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. त्यामुळे आम्ही शस्त्र विकत नाही, दुसऱ्याच्या शस्त्राची दुरुस्ती मोबदला घेऊन करीत नाही, शिकार करीत नाही. एवढ्याने आमचा छंद निर्दोष ठरतो, असा आमचा दावा नाही. आमच्या काही वर्गमित्रांना तो आजही पटत नाही, आणि त्यांच्या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. आमचे म्हणणे इतकेच की, वस्तू जितकी घातक, तितकी तिच्याभोवतीची दक्षता अखंड हवी. आणि त्या दक्षतेत वस्तू धरणाऱ्याचे मनही धरलेले असावे. वसतिगृहात रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना, आपापले ताट घासून ओळीने पालथे घालताना जे अंगवळणी पडले, त्याचाच हा विस्तार आहे.

संपादकांनी लेखासोबत स्पर्धेतील छायाचित्र मागितले होते. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या अंकात हातात शस्त्र घेतलेले चित्र नको, म्हणून आम्ही टेबलाचे पाठविले आहे: एक जुना टॉवेल, एक ब्रश आणि ओळीने मांडलेल्या बारा रिकाम्या चकत्या. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वाट्याला उद्या कोणतेही अवजार येवो, सुई, सुरी, यंत्र, गाडी अथवा लेखणी, ते हाती घेण्यापूर्वी एकदा त्याची आणि एकदा स्वतःची विचारपूस करीत जा. एखादा मित्र दोन दिवस नीट जेवला नाही, तर त्याचीही करा. आपणा सर्वांना आमच्या मंगल कामना.