शंका कुठून येते

पाठांतराची मला मनापासून चीड होती. मी इतिहास शिकवतो. वर्गात उघड सांगायचो, सनावळ्या आणि गावांची नावं पाठ करू नका; ती मोबाइलवर क्षणात सापडतात, तुम्ही विचार करा. 2011 साली बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचे प्रयोग ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. टाइप केलेली माहिती संगणकात राहणार असं ज्यांना वाटलं, त्यांच्या ती कमी लक्षात राहिली. पुसली जाणार असं वाटलं, त्यांच्या जास्त. मला त्यात काळजीचं काही दिसलं नाही. डोकं मोकळं होतंय, चांगलंच की, असं मी सहकाऱ्यांना ऐकवत असे.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, आता बारीक अक्षर दिसत नाही. एकदा त्यांना पानिपतावरचा लेख वाचून दाखवत होतो. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली दिल्लीच्या दक्षिणेला बागपतजवळ यमुना उतरला, असं त्यात होतं. मी वाचून पुढे गेलो. मध्येच कुंजपुरा कुठे आलं म्हणून मोबाइल काढला, आलेले मेसेज बघितले, परतलो तर ओळ हरवलेली.

“मागचं पुन्हा वाच,” अण्णा म्हणाले. “दक्षिणेला? बागपत दिल्लीच्या वर आहे रे.” त्यांनी टेबलावर बोटाने यमुना काढली. खाली दिल्ली, वर कुंजपुरा, मध्ये बागपत. कुंजपुरा घेतलेले भाऊसाहेब वरच होते. अब्दाली मध्ये उतरला आणि त्यांची दिल्लीची वाट तुटली. खाली उतरला असता तर ती उघडी राहिली असती.

चूक लेखाची होती. पण मोबाइल माझ्या हातात होता, खातरजमा करणं सहज शक्य होतं, आणि मला शंकाच आली नव्हती. ती येणार कुठून? डोक्यात नकाशा असला तरच चुकीचं वाक्य त्याला अडतं. माझ्या मोकळ्या डोक्यातून ते बिनबोभाट आरपार गेलं. विचार करा, असं मुलांना सांगणारा मी, आणि विचाराला लागणारं सामानच त्यांच्याकडून काढून घेत होतो.

अण्णा नकाशे शिकले ते छडीच्या धाकाने. ती छडी मला आजही नको. पण आता पुस्तक मिटून यमुना काढायला लावतो, तिच्यावरची गावं मांडायला लावतो. आधीच्या तुकड्यांकडून हे करून घेतलं नाही. ती मुलं मोठी झाली आहेत आणि मोबाइलवर येईल तो इतिहास वाचतात.