आबांचा कान

12 ऑक्टोबर 2023
सोयाबीन घरात आलं. पावसानं ताण दिला, दाणा बारीक. आबा रस्त्याच्या कडेला पोती मोजत होते. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला. हलले नाहीत. ड्रायव्हरनं शिवी दिली. ती मला ऐकू आली.

14 ऑक्टोबर
ट्रंक उघडली. 2009 ची रिलीजची फाईल. मेडिकल बोर्डाचा कागद घडीवर फाटलेला. दोन्ही कान. अपंगत्व 20 टक्के, कायमचं. पुढं एक ओळ : सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही.
24 वर्षं तोफखाना. कारगिलला बोफोर्सवर.
त्या ओळीवरून नजर हलेना.

15 ऑक्टोबर
वहीत लिहून विचारलं. हल्ली आमचं बोलणं असंच. अपील केलं होतं का?
खाली त्यांचं अक्षर : "एक केलं. नामंजूर. मग तुझ्या डी.एड.ची फी आली."

19 ऑक्टोबर
रात्री निकाल वाचला. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, 2 जुलै 2013. सिग्नल कोरचा जवान. फिट्स येत म्हणून घरी पाठवला. बोर्डानं 20 टक्के धरले, सेवेशी संबंध नाही म्हटलं. तीच आमची ओळ.
न्यायालय म्हणतं, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो नंतर झाला, तर जवान धडधाकट आला होता असंच धरायचं. संबंध नाही म्हणायचं असेल तर कारणं सरकारनं द्यायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही.
सकाळी वहीत उतरवून दिलं. आबा ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. मग मोठ्यानं बोलले, त्यांना आवाजाचा अंदाज राहत नाही : "भरतीत डॉक्टर पाठमोरं उभं करायचा. वीस फुटांवरून कुजबुजायचा. मी सगळे शब्द बरोबर सांगितले होते."
आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

22 ऑक्टोबर
सियाचीनला अक्षय गवते वारल्याची बातमी. अग्निवीर. बुलढाण्याचा, पिंपळगाव सराई. आपल्या शेजारचाच जिल्हा.
धाकटा भाऊ पहाटे जिंतूर रोडवर पळतो. त्याला अग्निवीरच व्हायचंय.

23 ऑक्टोबर
अक्षयच्या घरच्यांना विम्याचे 48 लाख, सानुग्रह 44 लाख, आणखी काही रकमा. मासिक पेन्शन नाही. जखमी झाला तर अपंगत्वाप्रमाणे एकदाच : 100 टक्क्यांना 44 लाख, 75 ला 25, 50 ला 15.
आबांसारखा 20 टक्क्यांचा कान त्या तक्त्यात कुठंच नाही.

24 ऑक्टोबर, दसरा
आपट्याची पानं. धाकट्यानं आबांच्या पाया पडून काहीतरी सांगितलं. आबांनी मान हलवली. ऐकलं की नुसतीच हलवली, कळलं नाही.

28 ऑक्टोबर
आबांच्या अपंगत्व पेन्शनचा हिशेब. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के. 20 टक्के असेल तर 50 धरायचं, म्हणजे त्याच्या निम्मं. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू : राम अवतार निकाल, 10 डिसेंबर 2014.
गेल्या महिन्याच्या 21 तारखेपासून नियम नवे आलेत. आबा 2009 चे, त्यांना जुनेच.
उशिराचं मात्र नुकसान. थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांचीच मिळते. म्हणजे मधली दहा-अकरा वर्षं गेली. माझ्या फीमध्ये गेली.

31 ऑक्टोबर
आरक्षणाचं आंदोलन. एसटी बंद. परभणीला जाणं राहिलं.

6 नोव्हेंबर
हयातीचा दाखला. अंगठा घेईना, बोटं झिजलीत. शेवटी चेहरा दाखवून करायचं ठरलं. केंद्रातला मुलगा सांगत होता, डोळे मिटा, उघडा. आबा बघत राहिले. मी समोर उभी राहून डोळे मिटले, उघडले. त्यांनीही मिटले, उघडले. झालं.

9 नोव्हेंबर
दुसरं अपील लिहायला घेतलं. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर मुंबईचं सशस्त्र बल न्यायाधिकरण. आबा म्हणाले, देवगिरीनं रात्रीत पोचतो. बॅग कुठली न्यायची तेही ठरवलं.

12 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
गल्लीत सुतळी बॉम्ब. कुत्रं खाटेखाली. आबा अंगणात शांत बसलेले. पणतीची वात सारखी करत होते.

15 नोव्हेंबर, भाऊबीज
धाकट्याला ओवाळलं. ओवाळणी नको म्हटलं, शब्द माग म्हणाला. मागितला : जिथं मेडिकल होईल तिथली प्रत घ्यायची. भरतीची, प्रत्येक वर्षाची, दुखापतीच्या दिवशीची. फोटो त्याच दिवशी मला पाठवायचा.
"पाठवीन, ताई."

20 नोव्हेंबर
स्पीड पोस्ट झालं. पावती फाईलला टाचली. आबांनी पावतीवरची तारीख वाचली, परत वाचली.

21 नोव्हेंबर
मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर कागद लावला. माझ्या अक्षरात, मोठ्या :
गावातल्या व आसपासच्या माजी सैनिकांनी, वीरपत्नींनी रिलीजची फाईल व मेडिकल बोर्डाचा कागद घेऊन शनिवारी संध्याकाळी पारावर यावं. अपील नामंजूर झालं असेल तरी यावं. कागद फाटला असेल तरी आणावा. अर्ज मी लिहून देईन.