आमचा दिवस दोन हजार फेऱ्यांवर

आमच्याकडे गाडी हौसेसाठी घेत नाहीत, कामासाठी घेतात. खेड तालुक्यातल्या आमच्या मोहल्ल्यात पहिली जीप आली ती आंब्याच्या पेट्या आणि अडलेल्या बाळंतिणी वेळेवर पोहोचवण्यासाठी. म्हणून आम्ही दोघा भावांनी शारजात स्पोर्ट्‌स कार घ्यायचे ठरवले, तेव्हा अम्माने फोनवर एवढेच विचारले, "त्यात सामान किती मावतं?"

आखातात येऊन आम्हाला अठरा वर्षे झाली. या काळात बहिणींची लग्ने झाली, घरावर स्लॅब पडला, अब्बांचे ऑपरेशन झाले. स्वतःसाठी म्हणून ही पहिलीच मोठी खरेदी. पैसा घामाचा, त्यामुळे निवडीची धास्ती होती. शिवाय ही गाडी कव्हर घालून ठेवायची नव्हती. सकाळी शारजाहून दुबई आणि संध्याकाळी परत, हा रोजचा रस्ता तिलाच कापायचा होता. या रस्त्यावरची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगायला नको.

छाटता छाटता दोन वापरलेल्या गाड्या उरल्या. एक टोयोटा ८६, दुसरी सातव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. पहिली दिसायलाच स्पोर्ट्‌स कार, दुसरी दिसायला घरगुती पण पळायला तितकीच तेज. दोन्हींचे इंजिन पेट्रोलचे, दोन लिटरचे, चार सिलिंडरचे. मुख्य फरक श्वास घेण्याचा.

८६ चे इंजिन नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड. पिस्टन मागे सरकतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्याच दाबाने आत शिरते. जेवढी निसर्ग देईल तेवढीच हवा. जीटीआयला टर्बो आहे. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटे चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात कोंबते. ही चाके मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. मोटारगाड्यांत ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली. आमच्या लहानपणी 'टर्बो' हा शब्द मात्र आम्ही मुंबई-गोवा रस्त्यावरच्या ट्रकांवरच वाचला होता.

थोरला टर्बोच्या बाजूचा, धाकटा ८६ च्या. आठवडाभर जेवताना हाच विषय.

धाकट्याचे म्हणणे खोटे नव्हते. टर्बो नसलेल्या इंजिनात पाय दाबला की जोर लगेच येतो, आणि जितका दाबला तितकाच येतो. टर्बोला दाब तयार करायला क्षणभर लागतो. आजच्या गाड्यांत तो क्षण फार लहान झाला आहे, पण पायाला कळतो. ८६ ची सुई ७४०० फेऱ्यांपर्यंत चढते आणि चढताना आवाज बदलत जातो, तो ऐकण्यासारखा आहे. शिवाय टर्बो नाही म्हणजे तेवढे तापणारे, झिजणारे भाग कमी. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल हलके वापरले किंवा वेळेवर बदलले नाही, तर खर्च मोठा. गाडी जोरात पळवून आल्यावर ती लगेच बंद करू नये, शेवटची दोन मिनिटे सावकाश चालवावी, हेही पाळावे लागते.

उन्हाचा हिशेबही आम्ही मांडला. इथे जुलैत पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या मानाने ती हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणजे साध्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते. टर्बो दाब वाढवून ही तूट भरतो, पण गर्दीत उभे राहून इंटरकूलर तापला, की इंजिनाचा संगणक ठोका टाळण्यासाठी स्वतःच हात आखडता घेतो. म्हणजे उन्हात दोघांचीही परीक्षा. डोंगरावर मात्र टर्बो सरस. जबल जैसच्या रस्त्यावर वर चढत जावे तसा हवेचा दाब कमी होत जातो. तिथे साधे इंजिन दमते, टर्बोला फारसे जाणवत नाही.

निकाल लागला तो एका साध्या आकड्याने. सगळे जण अश्वशक्ती पाहतात. ती ८६ ची २००, जीटीआयची २२०, अंतर थोडे. आम्ही पाहिले, जोर मिळतो कुठे. ८६ चा सर्वांत जास्त टॉर्क २०५ न्यूटन मीटर, तोही ६४०० फेऱ्यांवर. त्यातच चार हजारांच्या अलीकडे-पलीकडे तो थोडा खचतो. जीटीआयचा ३५०, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच हजर. मग आठवडाभर आम्ही आमच्या जुन्या गाडीच्या सुईकडे लक्ष ठेवले. ती बहुतेक वेळ दीड ते तीन हजारांच्या मध्येच होती. ८६ दुसऱ्या गिअरमध्ये टोकाला नेली, तर तिथेच वेग ताशी शंभराजवळ जातो. पुढे कॅमेरे आहेत, दंड आहे. जे सुख ६४०० फेऱ्यांवर राहते, त्याला भेटायला आम्ही आठवड्यातून कितीदा जाणार होतो?

हे बोलताना आम्ही दोघेही जरा गप्प झालो. कारण अठरा वर्षे आम्ही अशाच हिशेबाने जगत आलो आहोत. घर पूर्ण होऊ दे, मग. मुले शिकू देत, मग. गावी कायमचे जाऊ, मग. सगळा आनंद टोकावर ठेवलेला आणि दिवस मात्र खाली, दोन हजार फेऱ्यांवर, पुढच्या ट्रकच्या मागे निघून चाललेले. हे दिवससुद्धा आपलेच होते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आम्ही जीटीआय घेतली. गर्दीत फट दिसली की ती इंजिन न ओरडता निघते, आणि संध्याकाळी घरी पोहोचतो तेव्हा बोलायला थोडे त्राण उरलेले असते. ज्याचा रस्ता मोकळा आहे, ज्याला गाडी पंधरा वर्षे कमी भानगडीत ठेवायची आहे, त्याने साधे इंजिन घ्यावे. ती निवड आमच्या निवडीहून कमी नाही. फक्त जाहिरातीतला वरचा आकडा पाहू नये. आपली सुई दिवसभर कुठे असते ते पाहावे आणि तिथे जे इंजिन साथ देईल, ते घ्यावे.

आणि हो, अम्माला सांगितले, मागची सीट पाडली की आंब्याच्या दहा पेट्या आरामात मावतात.