डावीकडची खिडकी

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहणाऱ्याला विमानाचं अप्रूप उरत नाही. एचएएलची जुनी धावपट्टी इथून हाकेच्या अंतरावर. प्रवासी विमानं २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीला गेली, पण चाचणीवर निघालेलं तेजस अजूनही असं गडगडत जातं, की फोनवर कोल्हापूरहून आई विचारते, "काय पडलं रे?" आता विमान पकडायचं तर पुलाजवळ वायुवज्र बसची वाट बघायची आणि हेब्बाळच्या गर्दीचा अंदाज बांधत बसायचं.

दिवाळीनंतर आईला भूतान दाखवायचं चाललंय. बेत आखण्याच्या या रात्री मला फार आवडतात. जेवणं झालेली, टेबल पुसलेलं, लॅपटॉपवर पारोच्या दरीचा नकाशा. त्या हिरव्या-करड्या सुरकुत्यांमध्ये एक पांढरी रेघ दिसते, तीच धावपट्टी. जेमतेम सव्वादोन किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२३५ मीटरवर. वैमानिक डोंगरांमधून वळणं घेत, डोळ्यांनी बघत विमान खाली आणतो. त्यासाठी त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं. अंधारात तिथे उतरणं नाही. दुपारी दरीत वारा उठतो, म्हणून बरीचशी विमानं सकाळीच.

म्हणजे मुक्काम आदल्या रात्रीच करायचा, दिल्लीत नाहीतर कोलकात्यात. तिकिटं विकणाऱ्या संकेतस्थळांना दोन विमानांमध्ये दीड तास पुरेसा वाटतो. दरीत अडकलेल्या ढगाची त्यांना काय कल्पना!

कोलकात्याहून अंतर कमी, पण माझा जीव दिल्लीवर. दिल्लीहून पूर्वेला जाताना हिमालय डाव्या हाताला राहतो. आकाश निवळलेलं असलं तर आधी एव्हरेस्ट, मग ८,५८६ मीटरचं कांचनजंगा, ऐन नाश्त्याच्या वेळी. खिडकी डावीकडची आणि पंखाच्या पुढची किंवा पार मागची हवी. पंखावर आली तर पैसे देऊन पत्रा बघत बसायचं.

आईचे प्रश्न वेगळे. आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, म्हटल्यावर तिने कपाट उपसलं. भारतीयांना माणशी, रात्रीला १,२०० रुपये शुल्क आहे, हे ऐकून म्हणाली, "हवा खायचे पैसे?" मला ते शुल्क पटतं. शनिवारी महाबळेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या कुणालाही पटेल. थिंफू राजधानी असून तिथे सिग्नल नाही, चौकात पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातवारे करतो. हे मी मारतहळ्ळीच्या पुलाखाली उभा राहून तिला सांगत होतो. हॉर्नच्या गोंगाटात तिला निम्मंच ऐकू गेलं.

एमा दात्शीचं मात्र तिने नीट ऐकून घेतलं. चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, आणि मिरची तोंडी लावायला नाही, तीच भाजी. "मग मेतकूट-भात नको न्यायला," एवढंच म्हणाली. कोल्हापूरकरणीचा मान राखणारा देश निघाला.

परवा मी ढगांचं सांगितलं : विमान रद्द झालं तर एखादा दिवस अडकून पडू, तेवढी रजा हाताशी ठेवायला हवी. तिने लगेच विचारलं, कोलकात्यात अडकलो तर कालीघाट होईल ना? आता तिला जाताना दिल्लीची खिडकी हवी आहे आणि येताना कोलकात्याची देवी. तशी तिकिटं कितीला पडतात, ते आज रात्री बघायचं आहे.