सव्वाशेचा ठेका

‘रॉयल्टी-फ्री’ म्हटलं की बहुतेकांना त्यातला ‘फ्री’ तेवढा ऐकू येतो. अर्थ एवढाच, की संगीत जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा पैसे मोजायचे नाहीत. हक्क करणाऱ्याकडेच राहतात. ‘नोकॉपीराइटसाउंड्स’ हे ब्रिटिश लेबल 2011पासून इलेक्ट्रॉनिक संगीत असंच वापरायला देतं. नाव काहीही असो, कॉपीराइट असतोच. केविन मॅक्लाउडचा हिशेब मला सगळ्यात आवडतो : माझं नाव द्या आणि फुकट वापरा, नाव द्यायचं नसेल तर पैसे भरा.

दिवसभर ओपन सोर्स कोडवर पोट भरणाऱ्याला यात नवं काही नाही. तरी याच्याशी खरी गाठ पडली ती गेल्या वर्षी, इचलकरंजीतले आमचे आठ साधे माग भंगारात गेले तेव्हा. त्याआधी दोन दिवस मी ते फोनवर टिपून ठेवले. फिल्मला सनई-बासरी लावून रडारड करायची नव्हती. एडिटिंग करताना लक्षात आलं, आमचा माग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास धोटे मारायचा आणि हाउस संगीताची लय साधारण 120 ते 128. नाव देण्याच्या अटीवर मिळालेला एक सिंथ ट्रॅक मागांच्या खटखटीखाली सरकवला, तर माग म्हणजे ड्रमच झाला. शेवटी एकेक माग थांबतो आणि सिंथ एकटाच चालत राहतो. आई तिथे उठून आत गेली.

तीन दिवसांत यूट्यूबवर दावा आला. तिथली कंटेंट आयडी यंत्रणा आवाजाचे ठसे जुळवते. मूळ कोणाचं, हे ठशाला कळत नाही. कुणीतरी याच ट्रॅकवर आपला आवाज चढवून अख्खं गाणं स्वतःच्या नावे नोंदवलं होतं. जाहिरातीचे पैसे किरकोळ होते. पण आमच्या मागांखाली त्याच्या गाण्याचं नाव झळकायला लागलं, त्याने डोकं फिरलं. परवान्याचा पुरावा जोडून हरकत घेतली. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात.

त्या दिवसांत आप्पांनी विचारलं, “फुकाट दिलंय म्हंतोस, मग त्येचं पोट कशावर चालतं?”

कुणी परवाने विकतं, कुणाला देणग्या येतात, असं सांगितलं.

“म्हंजे खर्चीवालाच की,” ते म्हणाले.

खर्चीवाला म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपला. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने. कापड कुठे गेलं, कोणाच्या अंगावर चढलं, काही पत्ता नाही. उपमा पुरती बसत नाही, हे मी त्यांना बोललो नाही. सिंथवाल्याचं सूत त्याचं स्वतःचं असतं आणि माझं नाव घाला, अशी अट तो घालू शकतो. चाळीस वर्षांत आप्पांना कुठल्या ताग्यावर ती घालता आली नाही.

सव्विसाव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. माफी वगैरे नाही, एक ओळीची मेल.

आप्पांनी मग फिल्मची श्रेयनामावली दोनदा मागे घेऊन पाहिली आणि मला लिहून घ्यायला बसवलं. यूट्यूबवर चढवलेली फिल्म बदलता येत नाही, नव्याने चढवावी लागली. आधीचे व्ह्यूज गेले. आता सिंथवाल्याच्या नावाखाली दोन कामगार, एक जॉबर आणि कांड्या भरणाऱ्या मावशी आहेत. मावशींचं आडनाव आप्पांना आठवेना, म्हणून त्यांच्या घरी जाऊन विचारून आलो.