सारंग, सुकाणी आणि मुअल्लिम

कळमेश्वरहून समुद्र शेकडो कोस दूर, तरी उर्दूच्या तासाला तो वर्गात येतोच. अरबी 'सुक्कान' म्हणजे सुकाणू. ते धरणारा सुकाणी. सारंग म्हणजे फारसी 'सरहंग', फौजेतला सरदार. इराणात आजही कर्नलला हेच म्हणतात. शिवरायांच्या आरमारात दौलतखानाबरोबर दर्यासारंग होता. हुकूम देणारा माणूस! पुढे इंग्रजांच्या आगबोटींवर सारंग खलाशांचा मुकादम तेवढा उरला. कोळसा ओढणाऱ्यांवरही एक सारंग असे. चाकावर सुकाणी आपलाच, दिशा मात्र गोरा साहेब सांगणार. ही घसरण मला बोचते. ताऱ्यांवरून वाट काढणारा मालीम तर मूळचा 'मुअल्लिम', म्हणजे आम्ही मास्तरच! त्याचे काम आता जीपीएस करते.